खोडाच्या पलीकडचा हात

नाना, तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तुमच्या मुलाकडे, बाळूकडे माझा जुना नंबर होता आणि तो बंद होऊन वर्ष उलटलं होतं. सुप्याच्या कंपनीतून रजा टाकून बाळू घरी पोचला, तुमचं सगळं उरकलं, आणि मग कधीतरी त्याला दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही खडूने लिहिलेला माझा नवा नंबर दिसला. त्याच्या खाली 'झाडवाल्या बाई' असं लिहिलं होतं म्हणे. फोन ठेवल्यावर मी गॅससमोर नुसती उभी राहिले आणि डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. नगरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते, त्यामुळे ओरडायलाही कोणी नव्हतं.

खरं सांगते, आधी रडू आलंच नाही. राग आला. आपलं भांडण अर्धवट टाकून असं उठून जायची ही कुठली रीत? तीन वर्षं तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. मी मनात म्हणत राहिले, दिवाळीनंतर बोलू, पुढच्या खेपेला बोलू. तुमचा स्वभाव गप्प बसायचा आणि माझा अडून बसायचा. दोघांमध्ये वय तुमचं जास्त होतं, पण चूक माझी होती आणि ती मला ठाऊक होती.

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्या वाडीत आले तेव्हाचं आठवतं? राजूरच्या बाजारातून जीप, मग ओढ्याकाठची चढण, आणि मी घामाघूम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई, खांद्यावर पिशवी, पिशवीत लोखंडी टेप, डोक्यावर छत्री. देवराईतली मोठी झाडं दरवर्षी किती जाड होतात हे मला मोजायचं होतं. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही हे सगळेच म्हणतात, मग झाडं काय म्हणतात ते बघावं असं माझ्या डोक्यात होतं. वाडीत ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही खाचरात लावणीसाठी भाताची रोपं काढत होता. चिखलाचे हात तसेच ठेवून तुम्ही माझं सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "मोजा की. झाड काय न्हाई म्हनतंय व्हय? पर लोखंड आत जानार न्हाई."

देवराईच्या तोंडाशी तो सपाट दगड. वाघोबाच्या रानात लोखंड न्यायचं नाही, कोयता असो की विळा, सगळं त्या दगडावर ठेवून आत जायचं, हा तुमच्याकडचा नेम. मी टेप ठेवली. तुम्ही छत्रीकडे बघितलंत, मी छत्री ठेवली. मग डबा. मग तुम्ही माझ्या अंबाड्याकडे मान वळवून म्हणालात, "केसात काय हाय?" मी केसांतल्या पिना काढल्या, एक एक करून सहा. केस मोकळे सुटले आणि माझं डोकं फिरलं. चष्म्याला हात घातला तर तुम्ही म्हणालात, "चष्मा ऱ्हाऊ द्या बाई, न्हाईतर झाड सोडून मलाच मोजाल." तुम्ही तुमच्या कनवटीचा अडकित्ता काढून माझ्या पिनांशेजारी ठेवलात. त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं की या माणसाशी आपलं जमायचं नाही.

टेप नाही तर मोजायचं कशाने? शिंप्याची टेप त्या खोडांना पुरेना. तुम्ही घरी जाऊन तुमच्या कारभारणीकडून, मावशींकडून, वटपौर्णिमेच्या सुताची गुंडी आणलीत. तुमचं म्हणणं एवढंच होतं की बायका वर्षातून एकदा झाडाला दोरा गुंडाळतात, तर आपणही गुंडाळू. खोडावर छातीइतक्या उंचीला गेरूची रेघ ओढायची. एकाने दोऱ्याचं टोक रेघेवर दाबून धरायचं, दुसऱ्याने फेरा घालून यायचं, जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायची. मग दोरा बाहेर आणून माझ्या लाकडी मीटरपट्टीवर ताणायचा. थोरल्या ऐनाचा घेर एवढा की एकटीने कवळ घालून भागायचं नाही. त्या झाडाला दोन माणसं लागायचीच. तुम्ही पलीकडे टोक धरायचात, मी अलीकडे फिरायचे, आणि मधल्या खोडामुळे आपण एकमेकांना दिसायचो नाही. नुसता तुमचा आवाज यायचा.

भांडायला आपल्याला कारण लागायचं नाही. रेघ चढाच्या बाजूने मोजायची की उताराच्या, यावर पहिली दोन वर्षं गेली. माझं म्हणणं, नियम चढाच्या बाजूचा आहे. तुमचं म्हणणं, "झाड दोनी बाजूंनी हुभं हाय, त्याला कुठला नेम?" शेवटी माझा नियम चालला, पण गेरू तुम्ही तुमच्याच छातीच्या उंचीने लावलात आणि ते मला चौथ्या वर्षी कळलं. तोवर सगळ्या झाडांवर तुमचीच छाती झाली होती, बदलून उपयोग नव्हता.

मी पाथर्डीकडची, कोरड्या मुलखातली. आमच्याकडे झाड म्हणजे बाभळ आणि लिंब. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि मी गावातच मामीकडे राहून शाळा शिकले. दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत पाटी घेऊन बसायचं आणि सावली सरकली की आपणही सरकायचं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "मंग झाडासंगं कोन बोलायचं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच. तुम्ही हसला नाहीत. आपल्यातलं पहिलं सरळ बोलणं ते.

रस्ता रुंद करायला कापलेल्या सागाच्या त्या बुंध्यावर आपण अर्धा दिवस बसलो होतो. मी खोडातली, वर्षाला एक अशी, कडी मोजायला शिकवली आणि तुम्ही तासाभरात मला शिकवायला लागलात. अंगठ्याच्या नखाने आत आत जात तुम्ही एका बारीक कड्यावर थांबलात. "हे बहात्तर. ह्या साली मी खडी फोडायला गेल्तो, सुकडी खायाला मिळायची." मग बाहेर येत बाळूच्या जन्माचं कडं, ऐसपैस. आणि सालीजवळ एक जोडकडं होतं, एकाच वर्षात दोन. मी गोंधळले. तुम्ही म्हणालात, त्या साली मृग बरसला आणि मग महिनाभर थेंब नाही, झाड थांबलं, मग परत पाऊस आला तेव्हा परत निघालं. "मानसाला वाटतं साल एक हाय. झाडानं दोन धरली." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली तुमचं नाव घातलं नाही. माझी सवयच तशी होती, नाना. तुमच्याकडून घ्यायचं आणि माझ्या अक्षरात लिहायचं.

चौदा वर्षांत आपण काय काय बघितलं! पूर्वी होळी झाल्यावर पानं टाकणारा ऐन आता संक्रांतीनंतरच मोकळा होऊ लागला. मी म्हणाले, झाड आजारी आहे. तुम्ही म्हणालात, शहाणं आहे, पाणी कमी दिसलं की खाणारी तोंडं आधी कमी करतं. हिरड्याने पान लहान काढलं. थोरल्या जांभळाखाली एकही रोप जगेना, पण वर, ओढ्याच्या उगमाकडे, जिथे तुमच्या लहानपणी जांभूळ नव्हतं, तिथे गुडघाभर रोपं उभी राहिली. बी तर दोन्हीकडे पडत होतं. खालच्या उन्हात ते मरत होतं आणि वरच्या गारव्यात धरत होतं. तुम्ही सांगितलंत, "जांभळं वर निघालीत." मी पाऊण तास समजावलं की झाडं चालत नाहीत. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "व्हय, चालत न्हाईत. पोरांला पाठिवत्यात." त्यानंतर मी वर्गात तोच दाखला देते, तुमच्याच शब्दांत.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्याचं. लिहायचं टाळत होते, पण त्याच्यासाठीच तर बसले आहे.

तो पहिला पावसाळा सोडला तर आपण मोजायचो फक्त दिवाळीनंतरच्या शनिवारी. त्या वर्षी मी पहिल्यांदा भर उन्हाळ्यात आले, वीस-बावीस विद्यार्थी घेऊन. मुलांना दाखवायला म्हणून थोरला ऐन मोजला. टोक तुम्हीच धरलं होतं. दोरा पट्टीवर ताणला तर घेर दिवाळीपेक्षा कमी भरला. गव्हाचा दाणा आडवा ठेवावा एवढाच फरक, पण कमी. मुलं बघत होती. मी म्हटलं, दिवाळीला नानांचा हात सैल पडला असणार. तुम्ही म्हणालात, "हात न्हाई बाई. झाड आटतं."

आणि मी म्हणाले, "झाड म्हणजे काय विहीर आहे, आटायला?"

मुलं हसली. मी पण हसले. तुम्ही दोऱ्याची गुंडी करत राहिलात. म्हणालात, "ऐनाच्या पोटात पानी असतं. उन्हाळ्यात तेच पितं ते." मी दोरा ओला असेल, सुताला भरवसा नाही, असं आणखी काहीतरी बोलले आणि मुलांना घेऊन हिरड्याकडे निघाले. रात्री मुलांसह उतरले होते त्या वसतिगृहात वहीतल्या त्या मागच्या दिवाळीच्या आकड्यावर लाल पेनाने काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'वाचन चुकीचे'. खोडं थोडी आकसतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, अगदीच वाचलेलं नव्हतं असं नाही. पण केसाएवढी, असं माझ्या डोक्यात होतं. आपल्या ऐनाने दाण्याएवढं आकसावं हे मानण्यापेक्षा तुमचा हात चुकला हे मानणं मला सोपं गेलं.

वर आणखी कॉलेजच्या अंकात मी लेख लिहिला. त्यात लिहिलं, 'एका स्थानिक मदतनीसाच्या साहाय्याने'. अंक मी तुम्हाला स्वतः आणून दिला, एवढी माझी अक्कल. बाळूने तुम्हाला तो वाचून दाखवला. पुढच्या भेटीत तुम्ही चहाचा कप हातात देताना विचारलंत, "बाई, ते मदतनीस म्हंजी मीच ना?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणालात. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, आणि तेच मला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं.

त्या दिवाळीपासून तुम्ही गाठ मारणं सोडलंत. टोक धरायचात, माझा फेरा पुरा झाला की हात काढून घ्यायचात. "गाठ तुमी मारा बाई. माझ्या हाताचा भरवसा न्हाई." हसत म्हणायचात, म्हणून मीही हसण्यावारी नेलं. आधी येताना आपण बोलत यायचो, आता तुम्ही दहा पावलं पुढे चालू लागलात. चढणीवर तुमची पाठ बघत चालताना मला त्या बाभळीखाली बसल्यासारखं वाटायचं. जवळ माणूस असून एकटं वाटणं हे मला तुमच्यामागून चालताना कळलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीआधी विभागातलं कपाट आवरताना, एक जाडं पुस्तक हातात आलं. उभ्या उभ्या चाळलं. त्यात सगळं होतं. कोरड्या रानातली काही झाडं पावसाळ्यात खोडात पाणी साठवतात, उन्हाळ्यात ते खर्चतात आणि त्यांचा घेर चक्क कमी होतो. पाऊस आला की परत भरतात. ज्यांना हे जमतं ती लांबलेल्या उन्हाळ्यात तगतात. ऐनाच्या जातभाईचं नावही होतं. तुम्ही एका वाक्यात सांगितलेलं तिथे चार पानांत होतं. मी पुस्तक मिटलं आणि पहिला विचार काय आला सांगू? हे नानांना कळायला नको. दुसरा विचार आला की नानांना तर हे आधीपासून ठाऊक आहे, कळायचं आहे ते मला कळल्याचं. तेवढं एक सांगायचं होतं. बाईला आता कळलं नाना, तुम्ही बरोबर होता. यापलीकडे काही नाही.

त्यानंतर दोन दिवाळ्या आपण त्या ऐनाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तुम्हाला माझं तोंड दिसत नव्हतं, मला तुमचं. माफी मागायला याहून सोयीची जागा जगात कुठे असेल? मी दोरा फिरवत आले आणि म्हटलं, "घट्ट धरलंय ना?" तुम्ही म्हणालात, "व्हय." झालं. गेल्या खेपेला राजूरच्या स्टँडवर तुम्ही मला एसटीत बसवून दिलंत, खिडकीतून हिरड्यांची पुडी दिलीत, खोकल्याला बरी म्हणून. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण कंडक्टरने बेल मारली आणि मी नुसता हात हलवला. ती पुडी अजून तशीच आहे.

निवृत्तीनंतर दिवस फार लांब झाले. सकाळी फिरायला जाते, येताना कॉलनीतल्या गुलमोहराला हात लावते, एवढीच झाडांची गाठभेट. तुम्ही महिन्यातून एकदा मिस्ड कॉल द्यायचात आणि मी उलट फोन करायचे. "ऐनानं पानं टाकली." "करवंदीला फूल आलं, लई लवकर." दोन मिनिटांत फोन बंद. पण तो फोन येऊन गेला की घर दोन दिवस भरल्यासारखं वाटायचं. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. तरीही मी सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर, तुम्हाला जाऊन सोळावा दिवस होता तेव्हा मी आले. एकटीच चढले. पुढे दहा पावलांवर कोणी नव्हतं. मावशी ओसरीवर नागली पाखडत बसल्या होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं सामान हाय इथं," आणि आढ्याला अडकवलेली एक मोळी काठीने खाली काढली.

मी ओळखलंच नाही. खताच्या आणि औषधांच्या खोक्यांना बांधून येते ती प्लास्टिकची पट्टी, पांढरी, निळी, पिवळी. लांबच लांब तुकडे, तीन जुड्यांमध्ये बांधलेले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला दाभणाने पाडलेली भोकं. एक भोक, दोन भोकं, बारा भोकं.

"एक म्हंजी चैत्र, दोन वैशाख," मावशी म्हणाल्या. "दर महिन्याला थोरल्या ऐनाला गुंडाळायचे. वाघोबाच्या रानात लोखंड न्हाई, मंग चुन्यानं खूण करायची आन भायेर दगडावर येऊन अडकित्त्यानं तोडायची. सूत आटतं म्हनाल्या हुत्या ना तुमी? म्हून ही पट्टी. ही न्हाई आटत."

"पण एकट्याने कसं?" मी विचारलं.

"एकट्यानं कशाला? मी जायची ना धरायला. मला म्हनायचे, घट धर, बाई बघनारेत हे."

अंगणात आम्ही दोघींनी त्या पट्ट्या उंबऱ्याला टोक लावून एकीशेजारी एक पसरल्या आणि वर खडे ठेवले. नाना, मी तीस वर्षं मुलांना आलेख काढायला शिकवलं. असा आलेख मी बघितला नव्हता. श्रावणापासून पट्ट्या लांबत जात होत्या, कार्तिकात सगळ्यांत लांब, मग मार्गशीर्षापासून मागे सरायच्या, वैशाखात सगळ्यांत आखूड. आणि पुन्हा श्रावण. तीन उन्हाळे तुमचा ऐन पोट आत घेत होता आणि सोडत होता, आणि तुम्ही दर महिन्याला जाऊन ते बघून येत होता. शेवटच्या पट्टीला एकच भोक होतं. हा चैत्र. तुम्ही जायच्या आठ दिवस आधीचा.

"मला दाखवल्या का नाहीत कधी?" माझा आवाज चढला होता, मावशींवर उगाचच.

मावशी खडे सरळ करत म्हणाल्या, "मी म्हनलं हुतं त्यांला. ते म्हनले, बाई आपनहून इचारतील तवा दाखवू. तुमी इचारलंच न्हाई."

मग मी रडले, नाना. उंबऱ्यात बसून, वयाची लाज न बाळगता. मावशींनी रडू दिलं. मी त्यांना म्हटलं की नाना बरोबर होते, मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "हे मला काय सांगता, बाई? त्यांला सांगायचं हुतं." मग जराशाने उठून त्यांनी कोनाड्यातून तुमची चुन्याची डबी आणि अडकित्ता काढला, खुंटीवरच्या पट्टीच्या भेंडोळ्यातून ऐनाला पुरून उरेल एवढी तोडली आणि म्हणाल्या, "वैशाख लागलाय. चला, दिवस बुडायच्या आत येऊ."

दगडापाशी मी पिना काढल्या. सहाच होत्या, अजूनही सहाच लागतात, केस मात्र निम्मे झालेत. त्यांच्याशेजारी मावशींनी तुमचा अडकित्ता ठेवला. तो तिथे बघून मला क्षणभर वाटलं की तुम्ही आत गेला आहात आणि आम्हालाच उशीर झाला आहे.

रान सुकं होतं. पाचोळा एवढा की आमची चाल दूरवर ऐकू जात असेल. ऐन बोडका उभा होता, मगरीच्या पाठीसारखी ती भेगाळलेली साल, आणि छातीच्या उंचीला, तुमच्या छातीच्या, गेरूची रेघ. यंदाच ओढलेली दिसत होती. वर शेंड्याकडे बघितलं तर पाऊस महिनाभर लांब असताना बारीक तांबूस अंकुर फुटले होते. साठवलेल्या त्या पाण्यावर. मी ते तुम्हाला फोनवर सांगायच्या बेताला आले आणि मग लक्षात आलं.

मावशी पलीकडे गेल्या. खोडाआड दिसेनाशा झाल्या. पट्टीचं टोक रेघेवर त्यांनी दाबलं आणि मी फिरले, हाताने सालीवरून पट्टी सपाट करत. फेरा पुरा झाला. टोकाला टोक भिडवलं, चुन्याचं बोट लावलं. गेल्या वैशाखाची पट्टी मी मोजायला बरोबर आणली होती, ती वरून लावून बघितली. आजची आखूड होती. दाण्याहून जास्त. मी खूण पुसली, परत फेरा घातला. पुन्हा तेवढीच. तिसऱ्यांदाही तेवढीच. यंदा तो कधी नव्हे एवढा आटला आहे, नाना. इतका की मला वाटलं आता पलीकडून कोणीतरी म्हणावं, बाई, तुमचा हात चुकला. मी वाट बघितली. खूप वाट बघितली. माझा हात चुकला नव्हता आणि ते म्हणणारं कोणी नव्हतं.

मग मी कपाळ सालीला टेकवलं आणि मोठ्याने बोलले. मावशी ऐकतायत हे ठाऊक असूनही बोलले. "नाना, झाड आटतं. तुमचा हात बरोबर होता. दिवाळीचाही बरोबर होता आणि मेमधलाही. वहीतली ती लाल काट मी खोडते आहे आणि तुमचं नाव लिहिते आहे, सगळ्या पानांवर. मुलांसमोर हसले त्याबद्दल मला माफ करा."

पाचोळ्यात एखादा सरडा पळाला.

बऱ्याच वेळाने मावशींचा आवाज आला. दमलेला होता. "पट्टी सोडू का, बाई?"

"नको," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ धरा."